करार माझ्या नावावर करू का?

पत्राचा सारांश (ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत): पत्रलेखिका २९ वर्षांची, पुण्यातली. निर्वासित आणि आश्रयाला आलेल्या परदेशी कुटुंबांसोबत काम करणाऱ्या एका छोट्या संस्थेत तीन वर्षं आहे. शाळाप्रवेश, दवाखाना, व्हिसाच्या मुदती, पोलिसांकडची नोंदणी, घरमालकांशी बोलणी, सगळं तिच्याकडे. युद्धामुळे देश सोडलेल्या एका पाच जणांच्या कुटुंबाला घरमालकानं महिनाअखेर जागा सोडायला सांगितलंय. कोंढव्यात दुसरी जागा मिळतेय, भाडं १४ हजार, अनामत ५० हजार. पण मालक म्हणतो, करार 'मॅडमच्या' नावावर हवा. कुटुंबाचा कर्ता म्हणतो, "दीदी, आपके सिवा कौन है?" त्यांच्यासाठी दोन सिमकार्डं तिनं आधीच स्वतःच्या नावावर काढली आहेत. अनामतीसाठी तिचा अमेरिकेतला मावसभाऊ पैसे पाठवायला तयार आहे. आई म्हणते, लष्कराच्या भाकऱ्या भाजणं आता पुरे. तिचे प्रश्न: करार नावावर करू का? नाही म्हटलं तर मी कसली कार्यकर्ती? की हे काम सोडूनच देऊ?

सरळ उत्तर आधी, म्हणजे पुढचं शांतपणे वाचता येईल. करार तुमच्या नावावर करू नका. महिनाअखेर तोंडावर आली असली तरी नाही, आणि "अकरा महिन्यांचाच तर प्रश्न आहे" असं मालक म्हणाला तरी नाही.

तुम्ही हा प्रश्न धाडसाचा म्हणून मांडला आहे. सही केली तर धोका माझा आणि फायदा त्यांचा; सही टाळली तर मी माझी कातडी वाचवली. हिशोब इतका सोपा असता तर तुम्ही पत्र न लिहिता सही करून मोकळ्या झाला असतात, असं तुमच्या पत्राच्या सुरावरून वाटतं. पण तुमच्या सहीनं सगळ्यात जास्त नुकसान होणार आहे ते त्या कुटुंबाचंच.

करार तुमच्या नावावर झाला की कागदोपत्री त्या घरात तुम्ही राहता. पोलिसांकडे भाडेकरूची माहिती जाते ती तुमची. घरात परदेशी माणूस ठेवला की २४ तासांत तसं ऑनलाइन कळवायची जबाबदारी मालकावर असते. याला सगळे 'सी फॉर्म'च म्हणतात. हा मालक तो भरणार नाही, कारण त्याच्या लेखी तिथं परदेशी कोणी नाहीच. काही महिन्यांनी व्हिसाची मुदत वाढवायची वेळ येते, ई-एफआरआरओवर, म्हणजे परदेशी नागरिकांच्या नोंदणीच्या सरकारी संकेतस्थळावर, राहण्याचा पुरावा मागतात, भाडेकरार आणि सी फॉर्मची प्रत. दोन्ही नाही. आणि एखाद्या संध्याकाळी कोणी दारात येऊन "इथं कोण राहतं?" असं विचारलं, तर कागद तुमचं नाव सांगतो आणि दार उघडतात ते. ज्यांचे कागद खरे आहेत असं कुटुंबसुद्धा त्या क्षणी लपून राहिल्यासारखं दिसतं.

भारतानं १९५१चा निर्वासितांविषयीचा करार आणि १९६७चा प्रोटोकॉल यांवर सही केलेली नाही, निर्वासितांसाठी वेगळा कायदाही आपल्याकडे नाही. त्यामुळे कायद्याच्या नजरेत ही सगळी माणसं आधी 'परदेशी नागरिक' असतात. अशा माणसाकडे शेवटी उरतं काय, तर स्वतःच्या नावावरचे, एकमेकांशी जुळणारे, सलग तारखांचे कागद. फाळणीनंतर पिंपरीच्या कॅम्पात आलेल्या सिंधी कुटुंबांना आज कोणी निर्वासित म्हणत नाही. त्यांची नोंद त्यांच्या नावानं झाली, १९५४च्या कायद्याखाली भरपाईचे दावे त्यांच्या नावानं मांडता आले. या कुटुंबासाठी तसा कायदा नाही, म्हणून तर त्यांच्या नावाचा प्रत्येक कागद जपायचा. तुम्ही नाव उसनं दिलंत की त्यांचं नाव एका ठिकाणाहून पुसलं जातं.

आता तुमचा धोका, थोडक्यात. आपल्याकडच्या छापील लिव्ह अँड लायसन्स करारात जागा दुसऱ्याला वापरायला द्यायची नाही हे कलम जवळपास नेहमी असतं, म्हणजे करार पहिल्या दिवशीच मोडतो. मुदत संपल्यावर जागा रिकामी झाली नाही तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९च्या कलम २४ प्रमाणे दुप्पट दरानं भरपाई लागते. चौदाचे अठ्ठावीस हजार महिना, आणि ते तुमच्याकडून. शिवाय १ सप्टेंबर २०२५ पासून नवा इमिग्रेशन अँड फॉरेनर्स ॲक्ट लागू आहे. व्हिसाची मुदत उलटून राहिल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि तीन लाखांपर्यंत दंड, बनावट कागदपत्रांसाठी दोन ते सात वर्षं, आणि गुन्ह्याला साथ देणाऱ्यालाही शिक्षा आहे. घाबरवण्यासाठी हे सांगत नाही. डाळ-तांदूळ पोचवणं, मुलीचा शाळाप्रवेश, वकील गाठून देणं यातलं काहीही लपवण्यासारखं नाही, ते उजळ माथ्यानं करा. पण जिथं राहणारा एक आणि कागदावर दुसरा, तिथं पाऊल टाकू नका.

आता घराकडे वळू. "कोणीच घर देत नाही" असं तुम्ही लिहिलंय. किती जणांना विचारलंत? आणि विचारलंत कसं? बहुतेक वेळा कार्यकर्ती एकटी जाते, "एक निर्वासित कुटुंब आहे, फार अडचणीत आहेत" अशी सुरुवात करते आणि मालकाला पहिल्याच वाक्यात पोलीस ठाणं दिसायला लागतं. मालकाची भीती बहुधा त्या माणसांची नसते, उद्याच्या कटकटीची असते. तिला उत्तर म्हणून भरलेले कागद पुढे ठेवले तर उपयोग होतो. सहानुभूती मागून फारसं काही हाती लागत नाही.

म्हणून आधी त्यांच्याकडे नक्की काय आहे ते नीट बघा. तुमच्या पत्रात हे कुठंच स्पष्ट होत नाही. पासपोर्ट आणि चालू व्हिसा, म्हणजे विद्यार्थी, वैद्यकीय किंवा २०२१ नंतर अफगाण नागरिकांना मिळालेल्या आपत्कालीन व्हिसासारखा काही, असेल तर तुमचं काम सोपं आहे. दीर्घ मुदतीचा व्हिसा असेल तर आणखी सोपं. फक्त यूएनएचसीआरचं, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितांसाठीच्या संस्थेचं कार्ड असेल, किंवा नुसतं 'अर्ज विचाराधीन' असं पत्र असेल, तर गोष्ट वेगळी. तिच्याकडे मागाहून येतो.

चालू व्हिसा आहे असं धरा. मग घर शोधताना परदेशी विद्यार्थ्यांना जागा देणारे मालक आधी गाठा. त्यांच्याकडे सी फॉर्मचं लॉगिन आधीच असतं, त्यांना हे सोपस्कार नवे नसतात. नव्या मालकाकडे जायचं तर कुटुंबाला सोबत घेऊन जा आणि बोलणं शक्यतो त्यांनाच करू द्या, मोडक्या हिंदीत का होईना. तुम्ही शेजारी बसा. सोबत एक फाइल न्या: प्रत्येकाच्या पासपोर्टची आणि व्हिसाची झेरॉक्स, पोलिसांकडच्या परकीय नागरिक नोंदणीचा कागद असल्यास तो, आधीच्या घराचा करार, भाडं वेळेवर भरल्याच्या पावत्या किंवा ऑनलाइन व्यवहारांचे स्क्रीनशॉट, मुलांचे शाळेचे दाखले. वर एक साधा कागद, ज्यावर सी फॉर्ममध्ये लागणारी सगळी माहिती आधीच लिहिलेली: नाव, पासपोर्ट क्रमांक, व्हिसा क्रमांक, भारतात आल्याची तारीख, आधीचा पत्ता. मालकाला फक्त ती टाइप करायची असते. अर्ध्या तासाचं काम दहा मिनिटांवर आलं की नकाराचा सूर निम्म्यानं खाली येतो. सोसायटीच्या सेक्रेटरीला हीच फाइल द्या, पण वेगळी प्रत. एकच प्रत फिरत राहिली की मधलं पान हरवतं आणि मग सगळं घोडं तिथंच अडतं.

करार नोंदवायला गेलात की एजंट म्हणेल, "आधार नाही तर होत नाही." याचा अर्थ इतकाच की घरबसल्या अंगठा लावून होणारी त्याची ऑनलाइन नोंदणी होत नाही. ज्यांच्याकडे आधार नाही त्यांनी पासपोर्टसह दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात जातीनं हजर राहायचं. दोन साक्षीदार लागतात आणि तिथं तुमची जागा आहे: साक्षीदार म्हणून सही करा, खुशाल. खर्च फार नाही. अकरा महिन्यांचं भाडं १,५४,०००, परत मिळणाऱ्या ५० हजारांवर १० टक्के दरानं अकरा महिन्यांचं व्याज साधारण ४,५८३, बेरजेच्या ०.२५ टक्के मुद्रांक शुल्क, म्हणजे चारशेच्या आसपास. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,०००. एजंट पाच हजार मागत असेल तर पाच हजार कशाचे, ते विचारा. आणि "नोंदणीच नको, नोटरी करून टाकू" असं मालक म्हणाला तर त्याला शांतपणे सांगा की त्याच भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे नोंदणीची जबाबदारी त्याची आहे; न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, आणि अटींवरून वाद झाला तर भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं. हे शेवटचं ऐकून बरेच मालक स्वतःहून निबंधकाकडे चालू लागतात.

काही मालकांना दुसरीच शंका असते, परदेशी माणसाला जागा भाड्यानं देणं कायदेशीर आहे का? अफगाणिस्तान, इराण, श्रीलंका, बांगलादेश अशा काही ठरावीक देशांच्या नागरिकांना रिझर्व्ह बँकेच्या परवानगीशिवाय इथं स्थावर मालमत्ता घेता येत नाही. पाच वर्षांपर्यंतच्या भाडेपट्ट्याला ती अट लागू नाही. अकरा महिने म्हणजे त्याच्या पासंगालाही पुरत नाहीत.

घर बदलल्यावर पत्ता बदलल्याचं नोंदणी कार्यालयाला कळवायचं असतं, हे गडबडीत राहून जातं. पुणे शहर पोलिसांची हद्द आणि पिंपरी-चिंचवडचं आयुक्तालय २०१८ पासून वेगळं आहे. कोंढवा सोडून वाकडला स्वस्तात घर मिळालं तर हद्दही बदलली, हे ध्यानात ठेवा.

आता त्यांच्याकडे व्हिसा नसून फक्त यूएनएचसीआरचं कार्ड असेल तर. हे कार्ड मोलाचं आहे, पण तो भारत सरकारचा राहण्याचा परवाना नाही, आणि घरमालकाला तसं भासवणं म्हणजे त्याला फसवणं. अशा वेळी एजंट सोडा आणि आधी वकील गाठा. निर्वासित असल्याचा दावा करणाऱ्या परदेशी नागरिकांसाठी केंद्रीय गृह मंत्रालयानं २०११ मध्ये एक कार्यपद्धती ठरवली, २०१९ मध्ये ती सुधारली; वंश, धर्म, लिंग, राष्ट्रीयत्व, राजकीय मत अशा कारणांनी छळाची भीती सकृद्दर्शनी खरी वाटली तर सुरक्षा तपासणीनंतर दीर्घ मुदतीच्या व्हिसाची शिफारस होऊ शकते. तो मिळाला तर खासगी नोकरी आणि शिक्षण दोन्ही करता येतं. तो कसा आणि केव्हा मागायचा, हा वकिलाचा प्रांत. अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि बांगलादेशातून ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिश्चनांना, तसंच काही तिबेटी आणि श्रीलंकन तमिळ निर्वासितांना नव्या कायद्याच्या काही तरतुदींतून सूट आहे. हे कुटुंब त्यात बसतं की नाही हे पहिल्याच भेटीत विचारा. फीची चिंता असेल तर शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयातलं विधी सेवा प्राधिकरण, फोन १५१००. स्त्रिया, मुलं आणि कोठडीतली व्यक्ती यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, आणि विधी सेवा कायद्याच्या त्या कलमात 'व्यक्ती' असा शब्द आहे, 'नागरिक' नाही. घटनेच्या कलम २१ मध्येही 'व्यक्ती'च आहे. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अरुणाचलमधल्या चकमा निर्वासितांच्या प्रकरणात त्याच आधारावर त्यांचं संरक्षण केलं.

मधला मार्ग एक आहे, तोही सांगून ठेवावा. तुमची संस्था नोंदणीकृत न्यास असेल तर न्यासाच्या नावानं करार करता येतो, राहणारे म्हणून कुटुंबातल्या पाचही जणांची नावं करारात घालून, सी फॉर्म भरून, विश्वस्तांच्या ठरावासह. यात लपवाछपवी नाही. पण मग भाडं थकलं की वसूल करणारे आणि वेळ आली तर बाहेर काढणारे तुम्हीच होता. ज्या कुटुंबाच्या बाजूनं उभं राहायचं त्याचाच घरमालक होणं मला फारसं पसंत नाही. तात्पुरतं, सहा महिन्यांसाठी, दुसरं काहीच जमलं नाही तर. आणि आत्ताच्या मालकाकडून लेखी पंधरा दिवस मागून घ्या. सध्याच्या करारात नोटिशीची मुदत किती आहे ते तरी कोणी वाचलंय का?

त्या दोन सिमकार्डांचं काय करायचं ते विचारलं नाहीत, तरी सांगतो. ती तुमच्या नावावर राहता कामा नयेत. संचार साथी या सरकारी संकेतस्थळावर तुमच्या नावावर किती जोडण्या आहेत ते आजच बघा. पण उद्याच बंद करू नका, कारण खरी गाठ तिथंच बसलेली असते. ई-एफआरआरओचं खातं कोणाच्या ईमेलवर उघडलंय? बहुधा तुमच्या. ओटीपी कुठल्या क्रमांकावर येतो? तुमच्या सिमवर. शाळेच्या ग्रुपमध्ये कोणता नंबर, यूएनएचसीआरकडे कोणता? हे सगळं आधी एका कागदावर लिहा. मग कुटुंबातल्या मोठ्या माणसाच्या पासपोर्ट-व्हिसावर नवं सिम, त्याच्याच फोनवर नवा ईमेल, पासवर्ड त्याच्या वहीत त्याच्या लिपीत. त्यानंतर एकेक ठिकाणी क्रमांक बदलत जा, शेवटचं ठिकाण झाल्यावरच जुनं सिम बंद. आठवडा-दीड आठवडा जातो. कार्यकर्ती नोकरी सोडून गेली, तिचा ईमेल बंद झाला आणि व्हिसाची मुदत कुटुंबाला न कळताच उलटून गेली, हे या कामातलं अगदी नेहमीचं रडगाणं आहे.

फाइल लावताना नावांवर एक संध्याकाळ घालवा. सुदानच्या पासपोर्टवर बहुधा स्वतःचं, वडिलांचं, आजोबांचं, पणजोबांचं अशी ओळीनं चार नावं असतात, आडनाव नसतंच. आपल्या शाळेच्या फॉर्मला आडनाव लागतं. मग थोरलीच्या वेळी एक क्लार्क शेवटचं नाव आडनाव म्हणून घालतो, धाकट्याच्या वेळी दुसरा क्लार्क मधलं. सख्ख्या भावंडांची आडनावं वेगळी होतात आणि पाच वर्षांनी ती दुरुस्त करायला तुमच्यासारखीच कोणीतरी धावते. पासपोर्टच्या तळाशी इंग्रजी कॅपिटल अक्षरांच्या दोन ओळी असतात, त्यातलं स्पेलिंग आणि क्रम सगळीकडे वापरा. जन्मतारखांचंही तेच. अफगाण तजकिऱ्यावरचं, म्हणजे तिथल्या ओळखपत्रावरचं साल सौर हिजरी असतं, साधारण ६२१ मिळवले की इसवी सन येतो, पण त्यांचं वर्ष २१ मार्चच्या सुमाराला सुरू होतं, त्यामुळे जानेवारी ते मार्चमधल्या जन्माला एक वर्ष इकडचं तिकडं होतं. वयाचा पुरावा नाही म्हणून सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १४ मध्ये ते आहे. तारीख अंदाजानं लिहिलीत तर निदान सगळीकडे तोच अंदाज लिहा.

मूळ कागद त्यांच्याजवळ. तुमच्या फोनच्या गॅलरीत किंवा संस्थेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पासपोर्टचे फोटो पडलेले असतील तर ते काढा. आणि ही गोष्ट नव्या कार्यकर्त्यांना कोणी सांगत नाही: वकिलाशी झालेलं बोलणं कायद्यानं गोपनीय असतं, तुमच्याशी झालेलं नसतं. कोण कुठल्या वाटेनं भारतात आलं, मधे कुठं थांबलं, कोणाला पैसे दिले, हे तुमच्या वहीत लिहूच नका. त्यांनी सांगायला सुरुवात केली तर थांबवा आणि वकिलाकडे न्या. वाईट वाटतं, कारण ऐकून घेणं म्हणजेच माया असं आपल्याला वाटतं.

मावसभावाचे पैसे. तो अजून भारतीय पासपोर्टवर असेल आणि स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवत असेल तर ते विदेशी अंशदान धरलं जात नाही. तो अमेरिकी नागरिक झाला असेल, ओसीआय कार्ड असलं तरी, त्याची देणगी विदेशी देणगीच ठरते. नातेवाइकांसाठी वर्षाला दहा लाखांपर्यंतची सवलत आहे खरी, पण त्या व्याख्येत आईवडील, भावंडं, मुलं, जोडीदार येतात. मावसभाऊ बसत नाही. एफसीआरए, म्हणजे विदेशी देणग्यांच्या कायद्याखाली नोंदणी नसलेल्या संस्थेनं किंवा तुम्ही तुमच्या बचत खात्यात असे पैसे घेतले तर त्या कायद्याचा भंग ठरू शकतो. परदेशी पैशांचं एक प्रकरण निघालं की संस्थेचं बाकीचं चांगलं काम कोणी विचारत नाही. त्यापेक्षा जुन्या मालकाकडची अनामत वेळेवर परत मिळेल हे बघा, उरलेली रक्कम इथल्याच दात्यांकडून न्यासाच्या खात्यात घ्या आणि कुटुंबाला बिनव्याजी कर्ज म्हणून द्या, महिना हजार-दीड हजारानं फेडीचं. लेखी. फुकट दिलेल्या पैशांपेक्षा लेखी कर्जात त्यांचा मान जास्त राहतो. तुमच्या पगारातून आजवर किती गेले, हे पत्रात तीन वेळा लिहून खोडलेलं दिसतं. यापुढे शून्य.

काम सोडू का, याचं उत्तर या महिन्यात शोधू नका. घर शोधण्याच्या घाईत घेतलेले निर्णय रागाचे असतात. पण तुमचा थकवा खोटा नाही. तीन वर्षं एकाच माणसानं दवाखाना, शाळा, पोलीस आणि घरमालक सांभाळायचे, याला काम म्हणत नाहीत, हलगर्जीपणा म्हणतात, संस्थेचा. विश्वस्तांकडे तीन गोष्टी लेखी मागा. नेमणूकपत्र, लेटरहेडवरचं अधिकारपत्र, कारण पोलीस ठाण्यात "तुम्ही यांच्या कोण?" असं विचारल्यावर "ताई" हे उत्तर पुरत नाही, आणि प्रत्येक कुटुंबामागे दुसरा एक माणूस, ज्याचा नंबर त्यांच्याकडे असेल. रात्री दहानंतर फोन फक्त तीन कारणांसाठी: पोलीस, दवाखाना, घराबाहेर काढलं. पोलिसांचा फोन आला तर काय करायचं तेही ठरवून ठेवा. अटक झाली तर २४ तासांत दंडाधिकाऱ्यापुढे हजर करायला हवं. आधी वकील, मग दिल्लीतलं यूएनएचसीआर. आणि जो माणूस स्वतःच्याच सरकारपासून पळून आलाय त्यानं "दूतावासाला कळवू का?" या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं, हे त्याला आजच समजावून ठेवा. दूतावासाला कळवणं हा त्याचा हक्क आहे, ते त्यानं मागितलंच पाहिजे असं नाही.

आईच्या बाबतीत मी तिच्या बाजूचा आहे, अर्धा. लष्कराच्या भाकऱ्या म्हणजे ज्यांचं पीठ आपलं, चूलही आपली आणि जेवणारे कोण ते ठाऊक नाही अशा. आईला तुमचं काम नकोय की तुमच्या पगाराचं पीठ जाणं नकोय, हे एकदा विचारून बघा. सिमकार्डाचं तिला माहीत आहे का?

राहता राहिलं त्या कर्त्या माणसाशी बोलणं. हे फोनवर करू नका, आणि दुभाष्या म्हणून त्याच्या दहा वर्षांच्या मुलीला बसवू नका. बापाला मिळालेला नकार मुलीच्या तोंडून वदवायचा नसतो. त्याची भाषा येणारा एखादा विद्यार्थी सोबत घ्या. "मला परवानगी नाही" असं म्हणू नका, तो विश्वस्तांना फोन करेल. सांगा की घर त्याच्या नावावर होणार आहे. गुरुवारी अकरा वाजता एका मालकाकडे जायचंय, शनिवारी दुसऱ्याकडे, बोलायचं त्यानं आहे. पहिला प्रश्न पगाराचा येईल, दुसरा किती माणसं राहणार हा. दोन्हींची उत्तरं हिंदीतून आत्ताच, चहा थंड व्हायच्या आत, दोन-तीनदा म्हणवून घ्या. फाइल त्याच्या हातात द्या आणि घरी ठेवायला सांगा.